देशाची वीज आणि आमचें ऊन

सोलापुराहून होटगीच्या बाजूस गेलेल्या वाचकांनीं फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारांत उभी असलेली उंच चिमणी पाहिलीच असेल. राष्ट्रीय तापविद्युत् महामंडळाचें हें वीजकेंद्र होय. प्रत्येकीं ६६० मेगावॅट शक्तीचे दोन संच येथें असून, पहिला २०१७ सालीं व दुसरा २०१९ सालीं व्यापारी तत्त्वावर चालूं झाला. ह्याच चिमणीच्या आसपास, किंबहुना साऱ्या जिल्ह्यांत, वर्षांतले आठ-नऊ महिने आभाळ निरभ्र असतें आणि माळावरचा दगड हातीं धरवत नाहीं इतकें ऊन पडतें. तें ऊन आजवर आम्हीं केवळ सोसलें. आतां सरकार सांगतें कीं, माळरान भाड्यानें द्या, त्यावर सूर्यापासून वीज काढूं. इकडे तेंच सरकार कोळशाचीं केंद्रें बंद न करतां चालवितें. तेव्हां शेतकऱ्याच्या मनांत सहज येतें कीं, ह्यांतील खरें कोणतें? कोळसा हवा कीं ऊन?

देशाची ऊर्जा-सुरक्षितता हा शब्द हल्लीं वर्तमानपत्रांत वारंवार येतो. त्याचा साधा अर्थ एवढाच कीं, परदेशांत लढाई होवो, तेलाचा भाव चढो कीं येथें अवर्षण पडो, घरांतील दिवा विझूं नये व विहिरीवरील मोटार थांबूं नये, एवढी तजवीज अगोदर करून ठेवणें. अक्षय शक्तीवर, म्हणजे ऊन, वारा, पाणी व उसाचें चिपाड यांपासून होणाऱ्या विजेवर, पैसा घालावयाचा तो ह्या तजविजीस धरून कीं तिच्या विरुद्ध, हा वादाचा मुद्दा आहे. आमचें मत असें आहे कीं, हा तोल दिल्लीच्या कागदांवर जितका साधेल त्याहून अधिक तो शेतावरील मोटार कोणत्या वेळीं चालते ह्यावर साधेल. हें म्हणणें वाचकांस प्रथम अतिशयोक्तीचें वाटेल. सबब तें थोडें विस्तारानें मांडतों.

आधीं कोळशाचा हिशेब पाहूं. एक युनिट वीज काढण्यास सुमारें दोन-तृतीयांश किलो कोळसा जळतो. फताटेवाडीचे दोन्ही संच पूर्ण भारानें रात्रंदिवस चालले, तर एका दिवसांत तीन कोटींहून अधिक युनिटें निघतील व त्यासाठीं वीस हजार टनांच्या आसपास कोळसा लागेल. मालगाडीची एक पूर्ण खेप चार हजार टनांच्या आंत-बाहेर भरते. म्हणजे रोज पांच गाड्या आल्याच पाहिजेत. दख्खनच्या काळ्या पाषाणांत कोळसा नाहीं. महाराष्ट्रांत तो आहे तो चंद्रपूर, वणी व नागपुराकडे. आमच्या जिल्ह्यांत जळणारा कोळशाचा प्रत्येक तुकडा शेंकडों मैल प्रवास करून आलेला असतो. सोलापुरास हें नवीन नाहीं. १८७७ सालीं येथें जुनी गिरणी निघाली तेव्हांपासून ह्या गांवचे बॉयलर आगगाडीनें आलेल्या कोळशावरच तापत होते.

पाण्याचाही हिशेब सांगितला पाहिजे. कारण शेतकऱ्याच्या मनांतील खरी सल तीच आहे. ह्या केंद्रास पाणी उजनीहून नळानें येतें. नव्या केंद्रांस सरकारी नियमानें एका युनिटामागें तीन लिटर पाण्याची मर्यादा आहे. त्या मानानें पूर्ण भारावर वर्षाचें पाणी सव्वा टीएमसीच्या जवळ जातें. उजनीचा उपयुक्त सांठा सुमारें ५३ टीएमसी. त्यांतील हा वांटा लहान नाहीं, पण त्यास राक्षसी म्हणणेंही न्यायाचें होणार नाहीं. पाटानें भिजविलेल्या चार-सव्वाचार हजार एकर उसास वर्षभरांत जितकें पाणी लागतें, तितकेंच हें होय. आणि आमच्या जिल्ह्यांत ऊस आहे एक लाख हेक्टरांहून अधिक. वीजकेंद्राकडे बोट दाखविणाऱ्या बागाइतदारानें आपल्या सरीकडेही एकवार पाहावें. मात्र फरक असा कीं, उजनी उणे सांठ्यांत गेली म्हणजे उसाचें आवर्तन थांबतें, केंद्राचा नळ सहसा थांबत नाहीं. अवर्षणाचा भार दोघांवर सारखा पडत नाहीं, ही तक्रार रास्त आहे.

परक्या जळणावर विसंबलें म्हणजे काय होतें, ह्याचा अनुभव महाराष्ट्रास अनेकदां आलेला आहे. ह्या शतकाच्या आरंभींच दाभोळचें उदाहरण घडलें. १९९९ सालीं तेथील पहिला टप्पा नाफ्था जाळून चालूं झाला. तेलाचा भाव वाढला, रुपयाची किंमत उतरली, आणि त्या विजेचा दर राज्य वीज मंडळास इतका झेपेनासा झाला कीं, २००१ सालीं केंद्र बंद पडलें. यंत्रें शाबूत होतीं, तारा शाबूत होत्या, गिऱ्हाईकही होतें. नव्हता तो परवडणाऱ्या भावाचा जाळ. पुढें दहा वर्षें ग्रामीण महाराष्ट्रानें भारनियमन भोगलें, त्यास हें एकच कारण नव्हतें, पण हेंही एक होतें. २०२१ च्या ऑक्टोबरांत देशांतील पुष्कळ केंद्रांपाशीं चार-दोन दिवसांचाच कोळसा उरला होता. २०२२ सालीं युक्रेनचें युद्ध पेटलें, परदेशी कोळशाचे भाव आभाळास भिडले, आणि नेमक्या त्याच वेळीं शेंकडा दहा परदेशी कोळसा मिसळण्याचा हुकूम केंद्रांस सोडावा लागला. यूरोपांत जर्मनीची दशा याहून बिकट झाली. २०२१ पर्यंत हें राष्ट्र आपल्या गॅसापैकीं निम्म्याहून अधिक रशियाकडून घेत असे. नळ आखडला तेव्हां बंद ठेवलेलीं कोळशाचीं केंद्रें त्यास पुन्हा पेटवावीं लागलीं. आपल्या देशानें २०२४-२५ सालीं शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा खणला ही समाधानाची गोष्ट असली, तरी खनिज तेलांत आपण अद्यापि शेंकडा पंचाऐंशीहून अधिक परावलंबी आहों.

ह्याच्या उलट बाजूचा दाखला शंभर वर्षांपूर्वींचा आहे आणि तो आमच्याच भीमेच्या उगमाकडील आहे. मुंबईच्या गिरण्यांस लागणारा कोळसा त्या काळीं बंगालकडून यावयाचा; वाहतुकीनें तो महाग पडे. तेव्हां टाटा कंपनीनें लोणावळ्याच्या माथ्यावर तलाव बांधून पाणी कोंकणांत सोडलें व १९१५ सालीं खोपोलीस वीज काढली. पुढें १९२२ सालीं भिवपुरी व १९२७ सालीं भिरा हीं वीजगृहें निघालीं. अक्षय शक्तीवर पैसा घालून परप्रांतीय जळणापासून सुटका करून घेण्याचा हा देशांतील पहिल्या मोठ्या उद्योगांपैकीं एक होय. गिरण्यांस स्वस्त वीज मिळाली, मुंबईचा धूर कांहींसा कमी झाला. पण किंमत कोणीं दिली? मुळशी पेट्यांतील शेतकऱ्यांनीं. त्यांचीं भातखाचरें तलावाखालीं गेलीं. १९२१ सालीं त्यांनीं सत्याग्रह केला, त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट यांस सेनापति ही पदवी लोकांनीं त्याच लढ्यांत दिली. शिवाय इंद्रायणी, आंध्रा, मुळा ह्या साऱ्या भीमेच्या उपनद्या. त्यांचें पाणी पश्चिमेस उतरलें तें उतरलेंच; तें पूर्वेकडे वळवून द्या, ही मागणी भीमा खोऱ्यांत आजही दर अवर्षणांत निघते. अक्षय शक्ति म्हटली म्हणजे ती कोणाच्याच अंगावर पडत नाहीं, असा समज वाचकांनीं करून घेऊं नये. कोळशाचा जाच धुरांत दिसतो; पाण्याच्या व उन्हाच्या विजेचा जाच जमिनींत दिसतो.

आतां उन्हाकडे वळूं. एक मेगावॅटच्या सौर प्रकल्पास चार ते पांच एकर जमीन लागते व आमच्याकडील उन्हांत त्यापासून वर्षास पंधरा-सोळा लाख युनिटें निघतात. फताटेवाडीचें केंद्र सरासरीनें शेंकडा सत्तर भारानें चाललें असें धरल्यास, तितकीं युनिटें उन्हापासून काढावयास सुमारें पांच हजार मेगावॅटचे प्रकल्प व वीस ते पंचवीस हजार एकर जमीन लागेल. हा आंकडा ऐकून दचकण्याचें कारण नाहीं. जिल्ह्याचें एकंदर क्षेत्र छत्तीस लाख एकरांच्या वर आहे. शेंकडा एकाहूनही कमी जमीन त्यांत जाईल, आणि सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट, करमाळा ह्या तालुक्यांतून जेथें कुसळाशिवाय कांहीं उगवत नाहीं असे मुरमाड माळ थोडेथोडके नाहींत.

सौर विजेच्या विरोधकांचा एक आक्षेप असा कीं, ह्या कांचांचें सामान चीन देशाकडून येतें. म्हणजे अरबांचें तेल सोडून चीनची कांच धरल्यासारखें झालें. आक्षेप खोटा नाहीं. पॅनेलें हल्लीं आपल्याकडे पुष्कळ जोडलीं जातात, २०२२ पासून परदेशी मालावर जबर जकातही बसली आहे, तरी त्यांच्या पोटांतील सिलिकॉनच्या चकत्यांसाठीं आपण अजून परक्याच्या दारींच आहों. परंतु शेतकऱ्यास ह्यांतील भेद समजावून सांगावा लागूं नये. बैल बाजारांतून विकत आणणें निराळें आणि रोजची वैरण विकत आणणें निराळें. बैल विकणारा उद्यां रुसला तरी गोठ्यांतला बैल औत ओढीतच राहतो. वैरणवाला रुसला तर चौथ्या दिवशीं बैल खालीं बसतो. पॅनेल एकदां माळावर उभें राहिलें कीं, पंचवीस वर्षें त्याची वैरण आभाळांतून फुकट उतरते.

मग सगळेंच ऊन कां नको? कारण ह्या बैलास एक खोड आहे. तो दिवस मावळतांच बसतो. देशाची विजेची मागणी दुपारींही मोठी असते, पण दिवेलागणीपासून रात्रीं दहापर्यंत ती पुन्हा चढते व त्या वेळीं ऊन नसतें. वारा असतो तो मुख्यत्वें ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत. पाटणच्या पठारावरील वनकुसवड्याच्या पवनचक्क्या पावसाळ्यांत जोरानें फिरतात आणि थंडींत पुष्कळदां स्वस्थ उभ्या असतात. २०२५ च्या मध्यास देशांतील वीजसंचांच्या एकूण शक्तीपैकीं निम्मी शक्ति कोळसा-गॅसाव्यतिरिक्तची झाली, म्हणून मोठा गौरव झाला व तो योग्यच होता. तथापि प्रत्यक्ष वापरलेल्या दहा युनिटांपैकीं सातांच्या आसपास अद्यापि कोळशाचींच असतात. जो शक्तीच्या आंकड्यावर भुलेल तो फसेल. मोजावयाचें तें युनिट, आणि तेंही कोणत्या तासाचें तें.

ह्या तासाचें महत्त्व सोलापुरास विशेष कळावें असें एक कारण आहे. विजेचें जाळें म्हणजे एका जुवाखालीं चालणाऱ्या हजारों बैलांसारखें असतें. सर्वांची चाल एक हवी. ही चाल सेकंदास पन्नास आवर्तनांची ठरलेली आहे. मागणी व पुरवठा यांचा मेळ क्षणभर जरी तुटला तरी चाल बिघडते व एकामागून एक संच बाहेर पडतात. २०१२ सालीं ३० व ३१ जुलैस हेंच झालें. दुसऱ्या दिवशीं उत्तर, पूर्व व ईशान्य हिंदुस्थानचीं जाळीं बसलीं आणि साठ कोटींहून अधिक लोकांचा प्रदेश अंधारांत बुडाला. दक्षिणेचें जाळें त्या वेळीं निराळ्या चालीनें चालत होतें. पुढें ३१ डिसेंबर २०१३ रोजीं तें उर्वरित देशास जोडलें गेलें, आणि तें ज्या तारेनें जोडलें गेलें ती ७६५ किलोव्होल्टची तार रायचूरहून आमच्या सोलापुरास येते. म्हणजे साऱ्या देशाचें वीजजाळें एक झालें, त्याची गांठ आमच्या जिल्ह्यांत मारली गेली. ज्यांच्या रानांत त्या तारेचे मनोरे उभे राहिले, त्यांस ही गांठ किती घट्ट आहे हें नांगरतांना रोज कळतें!

ह्या जाळ्यांत कोळशाचा मोठा संच दुपारीं बंद करून सायंकाळीं पेटवितां येत नाहीं. बॉयलर थंड झाला म्हणजे पुन्हा तापावयास कित्येक तास जातात. म्हणून दुपारीं ऊन भरपूर असलें तरी त्यास शेंकडा पंचावन्न भारापर्यंतच खालीं आणतात व संध्याकाळीं पुन्हा चढवितात. अशा चढ-उतारानें यंत्र झिजतें, युनिटामागें कोळसा अधिक जळतो. उद्यां उन्हाची वीज याहून वाढली तर दुपारची वीज फेंकून देण्याची वेळ येते. कित्येक ठिकाणीं ती आलीही आहे. तेव्हां दोन मार्ग उरतात. एक, दुपारची वीज सांठवून रात्रीं वापरणें. दुसरा, रात्रींची मागणी उचलून दुपारीं आणणें.

पहिल्या मार्गाचा एक लहानसा नमुना खुद्द उजनीच्या पायथ्याशीं आहे. तेथील १२ मेगावॅटचें यंत्र पाणी सोडतांना वीज देतें व उलट फिरवून तेंच पाणी परत वर चढवितां येतें. घाटघरास ह्याच तत्त्वावर २५० मेगावॅटचें वीजगृह २००८ पासून आहे. विजेच्या मोठमोठ्या बॅटऱ्याही आतां येऊं लागल्या आहेत आणि त्यांचा भाव उतरत आहे. परंतु हीं सर्व कामें खर्चाचीं व वेळखाऊ.

दुसऱ्या मार्गास खर्च थोडा, आणि तो शेतकऱ्याच्या हातचा आहे. गिरणी, दवाखाना, आगगाडी, शहरांतील दिवे ह्यांपैकीं कोणासही आम्ही सांगूं शकत नाहीं कीं, तुम्ही आपलें काम दुपारीं आटपा. पिकास मात्र पाणी रात्रींच पाहिजे असें कोठें लिहिलेलें नाहीं. पांच अश्वशक्तीची मोटार सुमारें चार किलोवॅट ओढते. अशा एक लाख मोटारी एकदम चालल्या तर चारशें मेगावॅट लागतात. हा फताटेवाडीच्या केंद्राच्या जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. तो भार रात्रींतून काढून दुपारीं नेला, तर तितका कोळसा रात्रीं वांचतो आणि दुपारचें ऊन वांया जात नाहीं. शेततळ्यांत किंवा टांकींत दुपारीं चढविलेलें पाणी हीच आमची बॅटरी. तिला लिथियम लागत नाहीं. आणि तीं शेततळीं आमच्या जिल्ह्यांत डाळिंब-द्राक्षांच्या बागांनीं अगोदरच खणून ठेवलेलीं आहेत.

आजवर नेमकें उलटें चालत आलें. शहरें व कारखाने दिवसा वीज घेत, म्हणून शेतीच्या वाहिनीस आळीपाळीनें एक आठवडा दिवसा आठ तास तर दुसरा आठवडा रात्रीं दहा तास पुरवठा मिळे. त्या रात्रींचें वर्णन आमच्या वाचकांस करून सांगण्याची गरज नाहीं. पौषांतली थंडी, हातांत बॅटरी, पायाखालीं घोणस आहे कीं ओली दोरी याचा पत्ता नाहीं, आणि बारें मोडूं नये म्हणून सरीच्या कडेस जागत बसलेला माणूस. २०२० च्या डिसेंबरांत करमाळा तालुक्यांत बिबट्यानें तीन माणसें मारलीं, तेव्हां त्या भागांत रात्रीं पाणी देण्यास कोणी धजेना. तो बिबट्या अखेर मारावा लागला. वीज आहे पण माणूस शेतांत जाऊं शकत नाहीं, अशा विजेस आम्ही पुरवठा कसें म्हणावें? शेतकऱ्याच्या लेखीं ऊर्जेची सुरक्षितता म्हणजे प्रथम ही.

मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना २०१७ सालीं निघाली, तिचे पहिले प्रयोग राळेगण सिद्धी व यवतमाळ जिल्ह्यांतील कोळंबी येथें झाले, आणि २०२३ सालीं तिची दुसरी आवृत्ति बऱ्याच मोठ्या प्रमाणावर हातीं घेण्यांत आली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीस दिवसा वीज द्यावी, हें तिचें सूत्र. ह्याशिवाय 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही योजना २०२४ पासून आहे. तींत शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा, अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें विसावा हिस्सा, भरावयाचा असतो. दोहोंपैकीं कोणती पत्करावी, असें आम्हांस पुष्कळ जण विचारतात. ज्याची विहीर वीजतारेपासून दूर आहे त्यास स्वतंत्र सौरपंप उत्तम. त्यानें खांब-तारेची वाट पाहत बसूं नये. परंतु जेथें वाहिनी चांगली आहे तेथें, आमच्या मतें, वाहिनीच सौर करणें देशाच्या दृष्टीनें अधिक हिताचें. कारण उघड आहे. आमच्याकडे पुष्कळ विहिरींचें पाणी माघ-फाल्गुनांत तळास जातें. नेमक्या चैत्र-वैशाखांत ऊन सर्वांत कडक असतें. त्या वेळीं स्वतंत्र पंपाचीं पॅनेलें रिकामीं तापत बसतात. वाहिनीवरील प्रकल्पाची तीच वीज दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगीं पडते.

एक भय मात्र बोलून दाखविलेंच पाहिजे. मोट होती तेव्हां बैल थकले कीं उपसा थांबे. डिझेल इंजिन होतें तेव्हां खिसा थांबवीत असे. सौर मोटारीस थांबविणारें कोणीच नाहीं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारींस २०२४ पासून पांच वर्षें वीज माफ करण्यांत आली, तिचाही परिणाम ह्याच दिशेनें होण्याचा संभव आहे. उन्हास अंत नाहीं, पण भूगर्भांतील पाण्यास आहे. आणि फुकट विजेवर पांचशें फुटांवरून उपसलेल्या पाण्यानें पाटपाण्याचा ऊस वाढविला, तर अक्षय शक्तीनें क्षय मात्र आम्हीं आमच्याच विहिरीचा केला असें होईल. ठिबकावांचून सौरपंप देऊंच नये, असा नियम सरकारनें केला तर आम्ही त्याचें स्वागत करूं. पुष्कळ वाचकांस हें रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों.

उसावरून आठवलें. अक्षय शक्तींत उसाचाही मान मोठा आहे. साखर कारखान्यांच्या संख्येंत आमचा जिल्हा राज्यांत अग्रभागीं आहे, व चिपाडावर चालणारी सहवीजनिर्मिति ही उन्हाप्रमाणें रात्रीं झोंपत नाहीं. ती कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, म्हणजे वारा पडलेला असतो तेव्हां, रात्रंदिवस चालते. सिद्धेश्वर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी विमानतळासाठीं २०२३ च्या जूनांत पाडली गेली, तेव्हां सोलापुरांत केवढा क्षोभ झाला हें वाचकांस स्मरत असेल. त्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. पेट्रोलांत मिसळावयाच्या इथेनॉलाविषयीं मात्र दोन शब्द लिहितों. परदेशी तेलास तो उतारा आहे खरा. परंतु २०२३ चा पाऊस कमी पडला, साखर अपुरी पडेलशी भीति वाटली, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजीं सरकारनें उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठवड्याभरांत ती सैल झाली, पुढील वर्षीं उठली. पण ज्या कारखान्यांनीं कर्ज काढून आसवन्या उभारल्या होत्या त्यांच्या तोंडचें पाणी पळालें. जी शक्ति पावसावर अवलंबून, तिच्यावर दुष्काळी मुलखानें देशाच्या सुरक्षिततेचा सगळा भार टाकूं नये. उसाच्या विजेस व इथेनॉलास जोडधंद्याइतकाच मान द्यावा.

शेवटीं जमिनीचा प्रश्न. सौर प्रकल्पास जमीन भाड्यानें देणाऱ्यास वर्षास दर हेक्टरीं किमान १,२५,००० रुपये व त्यावर दरसाल शेंकडा तीन वाढ, असा सरकारी दर आहे. ज्या माळावर चार शेळ्या चरत त्यास हा दर सोन्यासारखा आहे. तथापि मंगळवेढ्याच्या काळ्या रानास हा हिशेब लावूं नये. ज्या जमिनींत एका पावसाच्या ओलीवर मालदांडी ज्वारी उभी राहते, ती जमीन कांचेखालीं घालणें म्हणजे दुभती म्हैस दावणीस ठेवून शेण विकण्यासारखें आहे. शिवाय करार पंचवीस-तीस वर्षांचा. शेंकडा तीन वाढीनें पंचविसाव्या वर्षीं भाडें अडीच लाखांवर जाईल. महागाई मात्र दरसाल शेंकडा पांच वाढत गेली, तर आजच्या सव्वा लाखाची बरोबरी करण्यास त्या वेळीं चार लाख लागतील. म्हणजे भाडें आंकड्यानें दुप्पट होऊनही मोलानें उतरलेलें असेल. म्हणून भाड्याच्या आशेवर सबंध जिराईत देऊन टाकूं नये. माळ द्यावा, रान राखावें.

करारावर सही करण्यापूर्वीं तो मराठींत वाचून घ्यावा. उपकेंद्र आपल्या माळापासून पांच किलोमीटरांच्या आंत आहे कीं नाहीं, हें महावितरणच्या कचेरींत जाऊन स्वतः विचारावें. दलालाच्या तोंडीं आश्वासनावर राहूं नये. प्रकल्प अर्धवट सोडून कंपनी निघून गेल्यास पाये, खांब व फुटक्या कांचा कोणीं उचलावयाच्या, हें लिहून घ्यावें. शेजाऱ्याच्या वहिवाटीची वाट व ओढ्याचा प्रवाह कुंपणानें अडणार नाहीं, असें कलम घालावें. आणि कांचांवरील धूळ धुण्यास पंधरवड्यास पाणी लागतें. तें कोणाच्या विहिरीचें, किती, व उन्हाळ्यांत विहीर आटल्यावर कोठून आणावयाचें, हेंही त्याच कागदावर असूं द्यावें.